फौजदारांच्या पायाखालची पेटी

मी एक जुनी पेटी आहे, मित्रांनो, आणि सध्या उलटी आहे. माझा तळ वर आहे, तोंड जमिनीला टेकलेलं आहे, आणि माझ्या पाठीवर एक पांढराशुभ्र काकाकुवा उभा राहून सूर्यफुलाचं बी सोलतो आहे. सालं माझ्यावरच पडतात. त्याचं मला काही वाटत नाही. पण एके काळी माझ्या पोटात गर्द निळी मखमल होती, हे सांगितल्याशिवाय मात्र मी राहणार नाही. पेटीला थोडा अभिमान असायचाच.

माझा जन्म वाद्यांच्या पेट्या बनवणाऱ्या एका घरात झाला. रस्त्याच्या कडेला एक लांबट खोली, तिला काचेचं दार, आणि खोलीच्या मागे राहतं घर. खोलीत बाबा लाकूड कापायचे, रंधा मारायचे, बिजागऱ्या ठोकायचे. आई खिडकीजवळच्या शिलाई यंत्रावर आतलं अस्तर शिवायची. त्यांच्या मुलीला सगळे बटण म्हणत, कारण रांगायच्या वयात ती आईच्या बटणांच्या डब्यात हात घालूनच झोपायची. खोलीला सरसाचा आणि ताज्या भुशाचा वास असे. मी डोळे उघडले ते त्याच वासात.

मी एका अकॉर्डियनसाठी बनले होते. बाबांनी माप अगदी बारकाईने घेतलं, पण खांद्यावर अडकवायच्या पट्ट्यांची जाड बक्कलं मापात धरायची राहिली. वादक अकॉर्डियन घेऊन आला, ते माझ्यात ठेवलं, आणि माझं झाकण काही बसेना. एका अंगठ्याएवढी मी कमी पडले.

"दाबून बघू का?" वादकाने विचारलं.

"वाद्य आहे ते, गादी नव्हे," बाबा म्हणाले. त्यांनी त्याला दुसरी पेटी करून दिली आणि मला बाकाखाली आडवी सारली.

मला टाकून देणं त्यांना शक्यच नव्हतं. बाबांचं पेट्यांवर फार प्रेम. ज्यावर आपला जीव आहे, ते पेटीत नीट राहिलं पाहिजे, असं त्यांचं ठाम मत. आईच्या कात्रीला पेटी होती, बटणच्या पडलेल्या दुधाच्या दातांना पेटी होती, चष्म्याला पेटी होती आणि त्या पेटीला आणखी एक पेटी होती. आई म्हणायची, "मी जरा जास्त वेळ एका जागी बसले, तर हे माझंही माप घेतील." या सवयीमुळे पुढे काय झालं, ते सांगते.

एके दिवशी बाबांची मोठी बहीण आली. तिच्या खांद्यावर एक काकाकुवा बसला होता. पांढरे पंख, करडी वाकडी चोच, आणि डोक्यावर पिवळा तुरा. आत्याने त्याला अनेक वर्षं एकटीने सांभाळलं होतं. आता ती मुलाकडे राहायला चालली होती, आणि तिथे नुकतंच जन्मलेलं, छातीने नाजूक बाळ होतं. काकाकुव्याच्या पिसांतून पिठासारखी बारीक पांढरी भुकटी झडते. ती बाळाला सोसणार नव्हती.

"याचं नाव कापूस," आत्या म्हणाली. "स्वभावाने गरीब आहे रे. तुझ्या हवाली करते. कुणाला देऊ मात्र नकोस."

"ताई, काय बोलतेस! माझ्या घरात त्याला काय कमी पडणार?"

आत्याने त्याच्या कानामागे खाजवलं, डोळे पुसले, आणि मागे न बघता ती निघून गेली. कापूस खिडकीच्या कट्ट्यावर बसून काचेच्या दाराकडे बघत राहिला. त्याचा तुरा डोक्याला चिकटून गेला होता. बटण शेजारी बसून त्याच्याशी गप्पा मारायची. तो उत्तर द्यायचा नाही, पण ती उठली की "चहा झाला का?" असं आत्याच्या आवाजात विचारायचा. मग ती पुन्हा बसायची.

एका दुपारी तो जमिनीवर उतरून फेरफटका मारत होता. बाकाखाली आला. मी आडवी पडले होते, झाकण अर्धवट उघडं. त्याने मान तिरकी करून आत पाहिलं, एक पाय ठेवला, मग दुसरा. आत जाऊन गोल फिरला आणि घशातल्या घशात गुरगुरला. मित्रांनो, त्या क्षणाचं काय वर्णन करू! अकॉर्डियनला नको असलेली पेटी एका जिवंत जिवाला आवडली होती. मला वाटलं, मी याच्याच मापाची आहे.

त्या दिवसापासून तो माझ्याकडे मुक्कामाला आला. मखमल कुरतडून त्याने तिचा छान मऊ ढीग केला. आणि त्याच दिवसांत तो चावायला लागला.

पहिल्यांदा बाबा खाली पडलेला स्क्रू उचलायला वाकले, तेव्हा त्याने त्यांचा अंगठा पकडला. बाबा ओरडले. आई कात्री टाकून धावली. बटण किंचाळली. समोरच्या दुकानातला न्हावी हातात साबणाचा ब्रश घेऊन रस्ता ओलांडून आला, आणि त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं त्याचं गिऱ्हाईकही आलं. एवढी गर्दी बघून कापूस खूश झाला. तुरा पिसाऱ्यासारखा उघडून तो वरखाली डोलू लागला. पुढच्या वेळी पुन्हा तसाच आरडाओरडा झाला. त्याच्या हिशेबाने खेळ रंगत चालला होता. चोच लावली की सगळं घर आपल्याभोवती नाचतं, हे कुणाला आवडणार नाही?

"हा कसला कापूस?" न्हावी म्हणाला. "हे तर फौजदार आहेत! बघा, टोपीसुद्धा आहे."

तेव्हापासून कापसाचा फौजदार झाला. न्हावी रोज सकाळी दार किलकिलं करून विचारायचा, "काय हो, फौजदार ड्युटीवर आहेत का?" आतून चोचीचा टकटक आवाज आला की तो बाहेरूनच परत जायचा.

बाबांना मात्र वाईट वाटे. "त्याला आत नीट झोप लागत नसेल," ते म्हणाले, आणि त्यांनी माझ्यात आणखी मऊ अस्तर लावलं. फौजदार जास्त चिडला. "उजेड येत असेल," असं म्हणून बाबांनी झाकण कायमचं बंद केलं आणि माझ्या एका बाजूला सुबक गोल दार कापलं. फौजदार आणखी चिडला. मग बाबांनी त्या दाराला छोटा पडदा लावला. चावणं वाढलं की पेटी सजायची, आणि पेटी सजली की चावणं वाढायचं. मी मनातून सुखावत होते. इतके लाड तर व्हायोलिनच्या पेटीचेही झाले नव्हते.

आईने जाड चामड्याचा हातमोजा शिवून पाहिला. तो तपकिरी पंजा पुढे येताना दिसला की फौजदाराचं काळीज धडधडायचं. मी त्याला चिकटूनच होते ना, मला ऐकू यायचं. बाहेरच्यांना दिसायचा राग, मला मात्र भीती ऐकू यायची. मोजा जवळ येण्याआधीच तो झडप घालायचा. लवकरच मोज्याचा अंगठा गेला.

आणि मग एके दिवशी व्हायचं ते झालं. बाबा माझा पडदा सरळ करत होते. फौजदार फुत्कारला, दोन्ही बाजूंना झुलला, पण बाबांचं लक्ष पडद्याकडे होतं. करवतीवर टेकवायचं त्यांचं बोट त्याने कडकडून चावलं. टाके घालावे लागले. कितीतरी दिवस खोलीत रंध्याचा आवाज आला नाही.

"अहो, आपलं पोट हातावर आहे," आई हळूच म्हणाली.

बाबांनी मान डोलावली. बाजारातला पक्षीवाला महिनाअखेरीस येऊन फौजदाराला घेऊन जाणार, असं ठरलं. त्या रात्री आत्याचा फोन आला. "मजेत आहे," बाबा भिंतीकडे बघत म्हणाले.

बटण ताटावरून उठली. "बाबा, तुम्ही आत्याला शब्द दिला होता."

"दिला होता गं. पण हे बोट मला दुसरं मिळणार नाही."

बाबांचं चुकत नव्हतं, आणि तिचंही.

आईनेच मधला मार्ग काढला. "द्यायचंच असेल तर देऊ. पण आधी डॉक्टरबाईंना दाखवू. कुठे दुखत असेल म्हणून चावत असेल तर?"

प्राण्यांच्या डॉक्टरबाई आल्या. फौजदार तेव्हा खिडकीत होता. त्यांनी त्याला टॉवेलात अलगद गुंडाळून चोच, पंख, पोट सगळं तपासलं. तब्येत ठणठणीत होती.

"बरं, तो चावतो. पण कुठे चावतो?" त्यांनी विचारलं.

बाबांनी पट्टी बांधलेलं बोट वर केलं.

"ते दिसतंय हो!" बाई हसल्या. "खोलीत कुठे चावतो? आणि त्याआधी काय होतं? आज टॉवेलात घेतलं तरी मला त्याने दातही लावला नाही."

"त्याला दात नसतात," बटण म्हणाली.

"नसतात तर! हुशार आहेस. मग हे काम तुझ्याकडे. दुरूनच लक्ष ठेव, आणि मी परत आले की मला सांग."

दातांच्या पेटीची मालकीणच ती, असली चूक कशी सोडेल? तिने बाबांचा लाकडावर खुणा करायचा खडू घेतला. फौजदार ज्या ज्या जागी कुणाच्या अंगावर आला, तिथे फरशीवर तिने फुली मारली. न्हाव्याची चप्पल ओढली, तिथे फुली. आईच्या झाडूवर धावला, तिथे फुली. बाबांवर फुत्कारला, तिथे मोठी फुली. खिडकीशी तिने त्याच्या डोक्यावरून हात फिरवला, तिथे काहीच नाही. काही दिवसांनी ती बाकावर चढून खाली बघायला लागली आणि तशीच थांबली.

"बाबा, इकडे या. वरून बघा."

बाबा बाकावर चढले. आईही आली. सगळ्या फुल्या मिळून एक अर्धं वर्तुळ झालं होतं, कंपासने काढावं तसं. आणि मित्रांनो, त्या वर्तुळाच्या मधोमध मी होते.

डॉक्टरबाई परत आल्या. फरशी बघून त्यांनी मान डोलावली. "ही पेटी काढा."

"पेटी?" बाबांना खरंच कळेना. "अहो, त्याला तीच तर आवडते! मी किती जपून केली... म्हणजे ती चांगली नाही?"

"फार सुरेख आहे. तिथेच तर घोटाळा झालाय. अंधारी, मऊ, बंद. त्याला वाटतं, हे आपलं घरटं. घरटं झालं की राखण आली. बिचारा सकाळपासून रात्रीपर्यंत पहाऱ्यावर असतो. तुम्हाला अशी सुट्टी नसलेली नोकरी दिली तर तुम्ही चिडणार नाही?"

"तरी मी म्हणत होतो, फौजदार!" दारातून न्हावी म्हणाला.

मला कसं वाटलं असेल? मी त्याला झोपायला जागा दिली होती, आणि ती त्याला नोकरी वाटत होती. ज्या धडधडीच्या मी इतकी जवळ होते, तिचं कारण मीच असेन, हे माझ्या लाकडी डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फौजदार खिडकीत उन्हाला बसलेला असताना बाबांनी मला उचललं आणि माळ्यावर ठेवून दिलं. माझ्या अंगावर धूळ बसली. एका कोळ्याने माझ्या गोल दारात जाळं विणलं. कधी माझं नाव निघत नसे. पण माळ्यावरून सगळी खोली दिसायची, म्हणून पुढचं मी तुम्हाला सांगू शकते.

सुरुवातीचे दिवस कठीण गेले. फौजदार बाकाखाली जायचा, रिकाम्या जागेत उभा राहायचा, आणि असा किंचाळायचा की न्हाव्याच्या हातचा वस्तरा थबकायचा. पण डॉक्टरबाईंनी बजावलं होतं की ओरडण्याला ओरडून उत्तर द्यायचं नाही. तो गप्प झाला की लगेच त्याच्याशी बोलायचं. बाबा ओठ घट्ट मिटून काम करायचे. आई शिलाई यंत्राचं चाक जोरात फिरवायची. फौजदार थांबला, की तिघंही एकदम "वा, वा!" म्हणायची. हळूहळू त्याला कळलं की खेळाची वेळ बदलली आहे.

हातमोजा कायमचा गेला. त्याच्या जागी एक साधी लाकडी दांडी आली. बटण ती त्याच्या पोटाजवळ धरायची. तो चढला की सूर्यफुलाचं एक बी, आणि तो कंटाळायच्या आत खेळ बंद. सगळ्यात कठीण तेच होतं, कारण तिला कधीच कंटाळा यायचा नाही. पाठीवरून हात फिरवणंही बंद झालं. तसा हात फिरला की त्याच्या मनात पुन्हा घरट्याचे विचार यायचे. डोकं आणि मान तेवढी खाजवायची. झोपायला त्याला आता पिंजरा होता, संध्याकाळी लवकर त्यावर चादर पडायची, म्हणजे त्याची झोप पुरी होई. आणि बाबा त्याला कुरतडायला रंग न लावलेले, सरस न लागलेले मऊ लाकडाचे तुकडे द्यायचे. ते तुकडेसुद्धा घासूनपुसून. हाताची सवय जात नाही.

बटण त्याचा तुरा वाचायला शिकली. नुसता तुरा उभा राहिला म्हणजे राग आला, असं नाही बरं का. कपबशीचा आवाज ऐकूनही तो उभा राहतो, तो आनंदाने. पण तुरा उभा, गालाची पिसं फुगून चोचीवर आलेली, अंग झुलतंय आणि तोंडाने फुत्कार, असं सगळं एकदम दिसलं, तर दोन पावलं मागे सरकायचं. तो चावण्याआधी किती वेळा "नको" म्हणत होता! कुणाला ऐकू येत नव्हतं एवढंच.

"पक्षीवाल्याला नको म्हणून सांगू या ना, बाबा," ती रोज म्हणायची.

"बघू," बाबा बोटाकडे बघत म्हणायचे. टाके निघाले होते. मनातली भीती मात्र निघाली नव्हती.

महिनाअखेर आली आणि पक्षीवाला दारात उभा राहिला. माणूस भला होता. "बाळाला न्यायला आलो," म्हणत त्याने आपली पेटी बाकाजवळ ठेवली. प्रवासाची साधी पेटी. अंधारी, बंद, एका बाजूला गोल दार. माळ्यावर मी दचकले. ती अगदी माझी बहीण दिसत होती.

फौजदार बटणच्या दांडीवर होता. त्याने ते गोल दार पाहिलं. तुरा सर्रकन उभा राहिला. तो जमिनीवर उतरला आणि ठुमकत ठुमकत पेटीकडे निघाला.

"बघा, स्वतःच चालला," पक्षीवाला म्हणाला.

बाबा पुढे झाले नाहीत. आईने तोंडावर पदर धरला. तो आत गेला असता, तर पुन्हा पहारा, पुन्हा ती धडधड, आणि मग बाजार. मला ओरडावंसं वाटलं, पण पेटीला आवाज नसतो. बटणला आवाज होता. तरी ती ओरडली नाही. ती खाली बसली, दांडी पुढे धरली, आणि रोजच्यासारखी हळूच म्हणाली, "कापूस, ये."

फौजदाराने दारातून आत डोकावलं. एक पाय आत ठेवला. मग मान वळवून त्याने दांडीकडे पाहिलं. पुन्हा आत पाहिलं. आणि मग तो पाय मागे घेऊन वळला, ठुमकत परत आला, दांडीवर चढला आणि म्हणाला, "चहा झाला का?"

सगळ्यांत आधी बाबा हसले. असे हसले की त्यांना भुशाच्या पोत्यावर बसावं लागलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. मग उठून त्यांनी आपलं ते बोट, हो, तेच बोट, बटणच्या दांडीला लावून धरलं. तुरा खाली होता, हे त्यांनी आधी पाहिलं. फौजदाराने मान झुकवली. बाबांनी कानामागे खाजवलं.

"मग मी कशाला आलो?" पक्षीवाल्याने विचारलं.

"चहाला," आई म्हणाली.

न्हावी दारातच होता. तो रस्त्यावर जाऊन ओरडला, "अहो ऐका! फौजदारांची बदली रद्द!"

त्याच संध्याकाळी बाबा माळ्यावर चढले. त्यांनी माझं झाकण काढलं, बिजागऱ्या आणि पितळी कोपरे काढले, उरलीसुरली मखमल सोलली. अंगावरचा जुना रंग घासून काढला. गोल दारात त्याच मापाची लाकडी चकती बसवून ते बुजवलं. या वेळी माप अजिबात चुकलं नाही. मग त्यांनी मला खिडकीपाशी नेलं आणि उपडी घातली. "आत नाही, वर," ते फौजदाराला म्हणाले. पेट्यांवर जन्म काढलेल्या माणसाने पेटी उलटी करावी, ही साधी गोष्ट नाही, मित्रांनो.

तेव्हापासून फौजदार माझ्या पाठीवर असतो. आता राखायला काही नाही, त्यामुळे बघायला खूप आहे. रस्ता, पावसाळी छत्र्या, न्हाव्याकडची गिऱ्हाइकं. अजूनही वर्षातून काही दिवस असे येतात की तो कोपरे शोधत हिंडतो आणि त्याचं डोकं तापतं. तेव्हा बटण त्याला एकटं सोडते, नवं लाकूड देते, आणि दिवस जाऊ देते. आत्या मध्यंतरी येऊन गेली. तिने दारातूनच विचारलं, "गरीब आहे ना रे अजून?" बाबा म्हणाले, "गरीब आहे, ताई. मधे जरा नोकरीला लागला होता." आत्याला काही कळलं नाही, आणि बटण हसून हसून लोळली.

माझं एवढंच मागणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरात पिसांचा, केसांचा किंवा दोन पायांचा कुणी चिडका जीव असेल, तर त्याला लगेच वाईट ठरवू नका. तो कुठे चिडतो, कधी चिडतो, तिथे खडूची एक फुली मारून बघा. मग बाकावर चढा आणि मधोमध काय आहे ते बघा. कधीकधी तिथे तुम्हीच प्रेमाने ठेवलेलं काहीतरी असतं. ते फेकू नका. उलटं करून बघा.

मी उलटी असल्यामुळे मला आता त्याचा तुरा दिसत नाही. पण तळावर पावलं कशी पडतात, त्यावरून कळतं. आत्ता ती हलकी पडताहेत, आणि पहिलं बी संपवून तो दुसरं सोलतो आहे.